मधले पत्ते

गंगूबाईनं मेथीची जुडी सोडली, तिचे दोन भाग केले आणि एक भाग माझ्या पिशवीत टाकला. मी काही बोललो नव्हतो. शनिवारची संध्याकाळ होती. अंबागेटच्या आतल्या त्या वळणावर ती गेली कित्येक वर्षं भाजी घेऊन बसते, आणि इतक्या वर्षांत तिनं जुडी कधी सोडली नव्हती. उलट माझी बायको सरोजिनी बरोबर असली की दोन जुड्या बळंच गळ्यात मारायची. मी तिच्याकडे पाहिलं असावं, कारण ती म्हणाली, "एकट्याले येवढी पुरते, सर. उगाच सडवता काहून." आणि उरलेल्या अर्ध्या जुडीवर पाणी शिंपडून तिनं ती ओल्या पोत्याखाली सारली. दुसऱ्या कोणा एकट्यासाठी असेल. मी पैसे दिले, चालू लागलो, आणि राजकमल चौकापर्यंत आल्यावर मला तिच्या बोलण्याचा अर्थ लागला. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी ज्याला अजून नाव दिलं नव्हतं, मनातसुद्धा ज्याचा उल्लेख 'ती बहिणीकडे गेली आहे' असाच करत होतो, त्याचा भाजीवालीनं सरळ हिशेब करून टाकला होता. घरी येऊन ती मेथी ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिलो. निवडावी की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी ती तिथेच राहिली.

सरोजिनी दिवाळीनंतर अकोल्याला गेली. तिची मोठी बहीण सत्यभामाताई, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. काही आठवड्यांसाठी म्हणून गेली. गुडघा बरा झाला. सत्यभामाताई जिना चढू लागली, मग बाजारात जाऊ लागली, आणि सरोजिनी तिथेच राहिली. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मी आता म्हणतो, पण तेही खरं आहे की नाही कोणास ठाऊक. मला भांडता येत नाही, भांडण सुरू झालं की समोरच्याची बाजू मला आधी पटते. मी पस्तीस वर्षं महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं. विद्यार्थी कमी होत होत विषय बंद पडला तेव्हाही विभागप्रमुखांनी मांडलेली कारणं मला माझ्या कारणांपेक्षा जास्त सुसंगत वाटली होती आणि मी मान डोलावली होती. पहिल्या महिन्यात मी तिची हिवाळ्याची शाल आणि औषधं घेऊन अकोल्याला गेलो. पुढच्या रविवारी चष्म्याची जुनी चौकट. त्यानंतर न्यायला काही उरलं नाही, तरी मी जात राहिलो. बडनेऱ्याला गाडीत बसायचं, मूर्तिजापूर गेलं की केस नीट करायचे, अकोल्याला उतरून ऑटोनं जठारपेठेत, आणि दारात उभं राहिल्यावर सत्यभामाताईनं म्हणायचं, "या मोरोपंत, तुमच्यावाचून डाव अडला होता." ती हे चेष्टेनं म्हणायची की मनापासून, यावर परतीच्या प्रवासात मी अनेकदा विचार केला आहे.

डाव म्हणजे पत्त्यांचा. शेजारचे ओमप्रकाश, ज्यांची बार्शीटाकळीकडे फुलांची शेती आहे आणि इथे हारांचं दुकान, त्यांचा जावई गोव्याला हॉटेलात होता. तो हा खेळ शिकून आला आणि सासऱ्याला शिकवून पुन्हा निघून गेला. खेळ पोकरचाच, पण अर्ध्याचा. प्रत्येकाला चार पत्ते, मधे हळूहळू उघडत जाणारे पाच. हातातले दोन आणि मधले तीन घेऊन जुळणी करायची. ज्याची जुळणी सगळ्यांत भारी त्याला मधला अर्धा ढीग, आणि ज्याची सगळ्यांत हलकी, म्हणजे अठ्ठीच्या आतले पाच वेगवेगळे पत्ते, त्याला दुसरा अर्धा. पैशांऐवजी चिंचोके. सत्यभामाताईनं वर्षाची चिंच फोडली की चिंचोके धुऊन वाळवून एका डब्यात भरून ठेवते, तेच. दुपारची जेवणं झाली की बैठकीत सतरंजीवर जुनी पांढरी चादर पसरायची, कूलरचं तोंड भिंतीकडे वळवायचं, कारण नाहीतर पत्ते उडतात, आणि चौघांनी चार बाजूंना बसायचं. वाळ्याच्या ओल्या वासात, कूलरच्या त्या सततच्या घरघरीत मी माझ्या बायकोच्या समोर बसत असे. आठवड्यातून तेवढाच वेळ. आणि त्या वेळात ती माझ्याशी बोलायची ती फक्त पत्त्यांपुरती. "चाल तुमची." "किती टाकले?" "दाखवा."

मी या खेळावरचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं. मला माहीत आहे, हे हास्यास्पद आहे. बायको घर सोडून गेल्यावर माणूस काय काय करतो, मी पुस्तक वाचलं. पेन्सिलनं खुणा करून वाचलं. त्यात सगळा भर सुरुवातीच्या चार पत्त्यांवर होता. खेळ पुढे नाही, इथेच हरला किंवा जिंकला जातो, असं तो लेखक म्हणतो. दोन्ही बाजूंनी चालणारे पत्ते हवेत, म्हणजे एक्का असावा, दुर्री-तिर्री असावी, जे वरही जातील आणि खालीही. बाकीचे उचलून बघावेत आणि टाकून द्यावेत. सगळ्यांत वाईट ते मधले. छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. ते दिसायला एकमेकांना धरून असतात, हातात घेतले की उबदार वाटतात, त्यांतून काहीतरी होईल असं वाटत राहतं आणि खरोखरच काहीतरी होतंही. पण जे होतं ते नेहमी दुसऱ्या नंबरचं असतं. शेवटपर्यंत थांबायला पुरेसं, जिंकायला अपुरं. हे वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली होती. स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, परत आलो. लेखकाला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं आणि तो फक्त पत्त्यांबद्दल बोलत होता, हे मला स्वतःला दोनतीनदा सांगावं लागलं.

पण समजणं आणि हातातले पत्ते खाली ठेवणं यांत अंतर आहे. पत्ते टाकले की माणूस त्या डावापुरता संपतो. मग तो नुसता बसलेला असतो. सत्यभामाताई उठून पन्हं आणायला जाते, ओमप्रकाश फोन बघतात, आणि सरोजिनीची नजर जे खेळत आहेत त्यांच्यावरून फिरते. तिच्या त्या नजरेच्या वाटेत मी नसतो. उलट मी शेवटपर्यंत थांबलो आणि तीही थांबली, तर तिला माझ्याकडे पाहावं लागतं. माझ्या चेहऱ्यावर काय आहे याचा अंदाज घ्यावा लागतो. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात तिनं माझ्या चेहऱ्याकडे असं निरखून क्वचितच पाहिलं असेल; तशी गरजच कधी पडली नाही. म्हणून मी सगळंच खेळायचो. सहा-सात-आठ-नऊ असले तरी, सगळे चार रंगांचे असले तरी. "सर काहीबी खेळते बुवा," ओमप्रकाश म्हणायचे, "आमच्या बैलासारखं हाये, दिसला चारा का घातलं तोंड." सत्यभामाताई हसायची. सरोजिनी हसायची नाही. ती आपले चार पत्ते एकदा बघायची आणि दहातल्या सात वेळा लगेच खाली ठेवायची, मनाला काही न लागता, जशी ती पूर्वी भाजीतलं किडकं वांगं बाजूला टाकायची. तिला कोणी पुस्तक दिलं नव्हतं. जेव्हा ती डावात उतरायची तेव्हा ओमप्रकाश दचकून सरळ बसायचे.

अकोल्याला गेल्यापासून तिची भाषा बदलली होती. दोघी बहिणी नांदगाव खंडेश्वरच्या. लग्न होऊन आली तेव्हा ती 'मले' म्हणायची, माझ्या आईनं पहिल्या महिन्यात ते 'मला' करून घेतलं आणि ते तसंच राहिलं. आता ते परत आलं होतं. माझ्याशी बोलताना ती अजून 'मला' म्हणते, बहिणीशी 'मले'. एका रविवारी मी मोरीत हात धूत असताना दोघींचं बोलणं कानावर पडलं. सत्यभामाताई म्हणत होती, "अवं, पण माणूस वाईट नाही ना." आणि सरोजिनी म्हणाली, "मी कुठं म्हणून राहिली वाईट? भाजी काय करू विचारलं तर काहीही. सिनेमाले जायचं का तर तुला वाटेल तसं. पोराले कुठं घालायचं, आईले कोणत्या दवाखान्यात न्यायचं, सारं मीच ठरवलं. दोन माणसाचं एकटीनं ठरवू ठरवू मी थकली, ताई. आता मले फक्त माझं ठरवायचं हाये." नळ चालू ठेवून मी तिथेच उभा राहिलो होतो. मला त्या वाक्यांत कुठेही तर्कदोष सापडला नाही. मी शोधला होता.

तीन आठवड्यांपूर्वी ती मला फाटकापर्यंत पोचवायला आली. हे नवीन होतं. उन्हानं रस्ता पांढरा झाला होता, ओमप्रकाशांच्या दुकानापुढे ओल्या फडक्याखाली शेवंती झाकलेली होती, आणि ती पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. म्हणाली, "एक सांगते. पुढच्या वेळी येताना ठरवून या. मला घरी ये म्हणायचं असेल तर तसं म्हणा. मी हो म्हणेन किंवा नाही म्हणेन, ते माझं मी बघेन. म्हणायचं नसेल तर असं दर रविवारी येऊन बसू नका. मला ते सोसत नाही." मी म्हणालो, "बरं." ती म्हणाली, "बरं म्हणजे काय?" ऑटो येऊन उभा राहिला होता. त्या संपूर्ण आठवड्यात मी तिच्या प्रश्नाचे भाग पाडले. विचारलं आणि ती हो म्हणाली, तर सगळंच मिळालं. विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर रविवारही गेला, कारण नकार घेऊन पुन्हा त्या चादरीपाशी कोणत्या तोंडानं बसायचं. न विचारता जाणं तिनंच बंद केलं होतं. न जाणं म्हणजे न विचारताच हरणं. आणि ती हो म्हणण्याची शक्यता किती? मी माझ्या हातात काय आहे ते पाहायचो. थोडी सवय. थोडी कीव. तिची तुळस, जी मी जगवली होती. आईच्या शेवटच्या दिवसांत रात्री दोघांनी आळीपाळीनं जागणं. एकही एक्का नव्हता. सगळे मधले पत्ते, दिसायला एकमेकांना धरून असलेले. पुस्तकाचा लेखक म्हणाला असता, टाका. त्या रविवारी मी बडनेऱ्यापर्यंत गेलो, फलाटावर बाकावर बसलो, गाडी आली, उभी राहिली, निघून गेली. नंतरच्या रविवारी पुन्हा तसंच झालं. चहावाल्यानं विचारलं, "काका, कोणाले घ्याले आले का?" मी हो म्हणालो.

आणि मग ही मेथी. रात्रभर ती ओट्यावर सुकत होती आणि मला तिचा कडवट हिरवा वास येत होता, किंवा येतो आहे असं वाटत होतं. सकाळी उठलो, आंघोळ केली, आणि या वेळी गाडी आल्यावर चढलो. त्यात निर्धार वगैरे नव्हता. पुन्हा घरी जाऊन त्या अर्ध्या जुडीसमोर उभं राहणं मला शक्य नव्हतं, इतकंच.

सत्यभामाताईनं दार उघडलं आणि नेहमीचं वाक्य म्हणाली नाही. "या," म्हणाली. "ऊन लागलं असंल." जेवायला सांबारवडी होती, कोथिंबिरीची, मला आवडते तशी आतून खसखशीची. ती कोणी केली होती हे मी विचारलं नाही. सरोजिनीनं वाढलं. माझ्या ताटात दोन वड्या ठेवून ती क्षणभर थांबली, पळी हातात धरून, आणि मला वाटलं आत्ता, आत्ता विचारावं. घास तोंडात होता. तो गिळेपर्यंत ती आत गेली. मग ओमप्रकाश आले, अंगाला मोगऱ्याचा वास घेऊन, "काय सर, दोन हप्ते कुठं दडी मारली? मले वाटलं पुस्तक संपलं नाही वाटते अजून," म्हणत. चादर पसरली. कूलर भिंतीकडे वळवला. चिंचोके मुठीमुठीनं वाटले गेले. मी ठरवलं होतं की आज शहाण्यासारखं खेळायचं. चांगले पत्ते येईपर्यंत सोडत राहायचं, आणि मधल्या वेळात योग्य क्षण बघून विचारायचं. पण पहिलेच पत्ते उचलले, सत्ती, अठ्ठी, अठ्ठी, दश्शी, आणि बोटांनी ते खाली ठेवायचं नाकारलं. खेळलो, हरलो. दुसऱ्यात नव्वीच्या भरवशावर थांबून दुसरा आलो. तिसऱ्यात पुन्हा. माझ्यापुढचा ढीग ओसरत गेला. चिंचोके संपले की उठायचं, त्या दिवसापुरतं, असा तिथला रिवाज. उसने द्यायचे-घ्यायचे नाहीत. म्हणजे मी माझा वेळच मुठीमुठीनं मधे टाकत होतो आणि ते मला दिसत होतं, आणि मी थांबत नव्हतो. सरोजिनी एकदा म्हणाली, "आज फार घाई आहे तुम्हाला." तिच्या आवाजात राग नव्हता. त्यापेक्षा राग परवडला असता.

मग तो डाव आला. तिर्री, छक्की, नव्वी, गुलाम. चार रंग. याला पुस्तकात नावही नाही, इतकं ते काहीच नव्हतं. ना वर जाणारं, ना धड खाली. सत्यभामाताईनं पत्ते टाकले. ओमप्रकाश थांबले. सरोजिनीनं चिंचोक्यांची भरली मूठ पुढे सरकवली. ती अशी पुढे येते तेव्हा तिच्याकडे काय असणार हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्यापुढे जेमतेम एका डावाचे चिंचोके होते. सोडले असते तर आणखी एखादा डाव बघता आला असता, कदाचित दोन. मी पत्त्यांकडे पाहत राहिलो. कूलरमध्ये पाणी कमी झालं असावं, त्याचा आवाज कोरडा झाला होता. मला आठवलं की लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो आणि एकदा तिनं विचारलं होतं, तुम्हाला मी आवडले म्हणून केलं की मोठ्यांनी ठरवलं म्हणून, आणि मी म्हणालो होतो, दोन्ही. ती म्हणाली होती, "अर्धं अर्धं?" मी हसलो होतो. मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. "सर, झोपले का?" ओमप्रकाश म्हणाले. मी चिंचोके टाकले.

मधे राजा उघडला, सत्ती, दुर्री. सरोजिनीनं पुन्हा टाकले. मी टाकले. दश्शी उघडली आणि ओमप्रकाश "आपलं काम नाही हे" म्हणून मागे सरकले, भिंतीला टेकले. आता आम्ही दोघं. तिनं माझ्याकडे पाहिलं. चष्म्याच्या वरून, भुवया किंचित वर, खूप जवळून पाहिल्यासारखं. तिच्या डाव्या डोळ्याखाली एक नवी सुरकुती होती, किंवा जुनी असेल, मी पाहिली नसेल. मी उरलेले सगळे चिंचोके मधे ढकलले. शेवटचा पत्ता सत्यभामाताईनं उघडला. एक्का.

सरोजिनीनं पत्ते दाखवले. दोन राजे, एक एक्का, एक चव्वी. वरून तीन राजे झाले, त्याला तोड नव्हती. खालूनही तिचंच व्हायचं, पण तिच्या हातातला एक्का आणि मधला एक्का एकच झाले, खालच्या बाजूला वेगवेगळे पाच भरेनात. मी माझी तिर्री आणि छक्की ठेवली. एक्का, दुर्री, तिर्री, छक्की, सत्ती. "आयला," ओमप्रकाश हळूच म्हणाले. "सरचं जमलं." अर्धा तिचा, अर्धा माझा. माझ्या आयुष्यात पत्त्यांवर याहून चांगलं काही घडलेलं नाही, आणि त्या क्षणी छातीत जे झालं ते सुखासारखं नव्हतं.

त्या घरात वाटणीची एक रीत आहे. लहानपणी दोघी बहिणींना एक आंबा मिळाला की एकीनं कापायचा आणि दुसरीनं आधी फोड उचलायची, म्हणजे कापणारी आपोआप नीट कापते. सत्यभामाताईनं तीच रीत डावात आणली होती. खालची बाजू जिंकणाऱ्यानं दोन वाटे करायचे, वरची जिंकणाऱ्यानं आधी उचलायचा. म्हणजे वाटे मला करायचे होते. मी दोन्ही हातांनी ढीग जवळ ओढला. चिंचोके गुळगुळीत, गार होते. एक मूठ इकडे, एक तिकडे. मग इकडचे दोन तिकडे. ते जास्त वाटले म्हणून एक परत. तिघंही पाहत होते. मी पुन्हा एक उचलला आणि तो हातात तसाच राहिला, आणि मला दिसलं की मी हे संध्याकाळपर्यंत करत राहीन, मग गाडीची वेळ होईल, मग मी उठेन आणि म्हणेन, बरं, येतो. तेव्हा मी दोन्ही ढीग एकत्र केले आणि सगळेच्या सगळे उजव्या बाजूला सारले. डावीकडे नुसती चादर राहिली.

"सर, हे काय करून राहिले?" ओमप्रकाश म्हणाले. "वाटे दोन पायजेत."

"दोनच आहेत," मी म्हणालो.

सरोजिनी चादरीकडे पाहत होती. मग म्हणाली, "हे मला विचारणं समजायचं का?"

"हो."

"तोंडानं म्हणा."

मी म्हणालो, "घरी चल." कूलरच्या आवाजात ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. ओमप्रकाशांना एका कानानं कमी ऐकू येतं, ते पुढे वाकले आणि त्यांनी मनापासून विचारलं, "काय म्हणले?" आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, एका परक्या माणसाच्या दिशेनं. "सरोजिनी, घरी चल, म्हणालो." ओमप्रकाशांनी मान खाली घातली आणि ते आपल्या तळहातांकडे पाहू लागले, देठांनी हिरवे झालेले, भेगाळलेले हात. "माफ करा सर," ते म्हणाले. "मले खरंच ऐकू नाही आलं."

सरोजिनीनं हात पुढे केला. मला तिची बांगडी दिसली, मनगटाच्या हाडावरून घसरलेली. हात ढिगावरून गेला, थांबला नाही, आणि चादरीच्या मोकळ्या भागावर तिनं तळवा टेकवला. सपाट. जसा ती पूर्वी अंथरूण घातल्यावर सुरकुत्या काढायला फिरवायची.

"माझा वाटा हा," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मला वाटतं मी मान डोलावली. तिनं हात काढून घेतला आणि म्हणाली, "घरी मी येत नाही. रविवारचं तुम्ही ठरवा. ते मी ठरवणार नाही." मग सत्यभामाताईपुढचे पत्ते ओढून घेऊन ती पिसू लागली. तिला नेहमी सफाईनं पिसता येतं. या वेळी दोन पत्ते निसटले, ते तिनं पुन्हा गड्डीत घातले. माझ्यापुढे चिंचोक्यांचा केवढा तरी ढीग होता, आणि मला उठता येत नव्हतं. संपले की उठायचं, पण माझे संपले नव्हते. ढीग पुरेल तोवर मी तिथे बसू शकत होतो. ती पत्ते वाटत गेली. ओमप्रकाश, मग समोर मी. माझ्यापाशी तिचा हात अडखळला का, हे मी पाहत होतो; नाही अडखळला. चार पत्ते माझ्यापुढे पडले, इतरांसारखेच.

मी ते उचलले. बदामाचा एक्का. इस्पिकचा एक्का. त्याच दोन रंगांची दुर्री आणि तिर्री. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुस्तकात या चार पत्त्यांवर आख्खं पान आहे. लेखक म्हणतो की यांची वाट पाहत माणसं वर्षानुवर्षं बाकीचं सगळं टाकत बसतात. हे आले की डोळे मिटून सगळं लावावं, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, दोन्ही. मी ते हातात धरून बसलो. त्यांना काही वजन नव्हतं. मला वाटेना की ते माझे आहेत. लावले असते तर ते जिंकण्यासाठी नाही, तिनं माझ्याकडे पाहत राहावं म्हणूनच. सरोजिनीनं स्वतःचे पत्ते पाहिले, या वेळी खाली ठेवले नाहीत, आणि वर पाहिलं. "चाल तुमची," ती म्हणाली.

मी पत्ते एकावर एक सारखे केले, पालथे केले, आणि पुढे सरकवले.

"सोडले?" ओमप्रकाश म्हणाले.

"सोडले."

"न बघताच का काय?"

"बघितले."

सत्यभामाताईनं हात लांब केला. "पाहू तरी काय होतं ते. हा माणूस आन् पत्ते टाकते?" सरोजिनीनं तिचा हात वरच्या वर धरला. "राहू दे, ताई. टाकलेले पाहाचे नसतात." आणि मग माझ्याकडे वळून, पुष्कळ महिन्यांत मी पाहिलं नव्हतं असं, चेहरा सैल सोडून, ती हसली. "ठरवलं म्हणजे तुम्ही," ती म्हणाली. "एकदाचं." आणि ते चारही पत्ते तसेच पालथे उचलून तिनं गड्डीच्या खाली सारले.